पेट्रोल पिणारी वायर

सेल्फ मारला की ॲक्सिलरेटरची केबल तापते. जरा जास्त वेळ मारला तर केबलच्या प्लॅस्टिकमधून धूर निघतो. बदलून नवी टाकली, तरी तीही थोड्याच दिवसांत आखडते. जुन्या गाडीच्या मालकावर ही पाळी आली की तो आधी केबल बनवणाऱ्याला शिव्या घालतो आणि मग बसवणाऱ्याला. खरं तर केबलचा काहीच गुन्हा नसतो. दुसऱ्याचं काम तिच्या गळ्यात पडलेलं असतं. ते कुणाचं, हे कळलं की जुन्या गाडीच्या निम्म्या दुखण्यांचं मूळ हाती लागतं. ॲव्हरेज का पडलं, याचंही बऱ्याचदा तिथेच कळतं.

गडमुडशिंगीसारख्या गावात अशा गाड्या अजून पुष्कळ दिसतात. एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी, दुसरीकडे गांधीनगरची कापडपेठ, पुढे हुपरीचा रस्ता आणि आजूबाजूला ऊस. त्यामुळे इथल्या गाडीचा दिवस लांबच्या प्रवासात न जाता फेऱ्यांत जातो. सकाळी कारखान्यावर, दुपारी बाजारात, संध्याकाळी पाहुण्याला बसस्टँडवर सोडायला. हंगामात तर उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं. इंजिन धड तापेपर्यंत मुक्काम येतो.

या फेऱ्या मारणारी नमुन्याची गाडी म्हणजे मारुती ८००. पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन तीस वर्षं तेच राहिलं. फक्त २००० च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे पेट्रोलचं इंजेक्शन, आलं. पंधरा वर्षं झाली की गाडीचं पुन्हा पासिंग करावं लागतं आणि त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपयांवर गेली. म्हणजे जुनी गाडी ठेवणं हा आता नुसता जिव्हाळ्याचा मामला राहिलेला नाही, त्यात हिशेब आला. हिशेब आला की पहिला प्रश्न ठरलेला: ॲव्हरेज किती देते?

आधी केबलचं कोडं सोडवू. गाडीत बल्बला, हॉर्नला, सेल्फला बॅटरीकडून प्लसची एकच वायर जाते. परत येण्यासाठी वेगळी वायर नसते, गाडीचा पत्राच परतीची वाट. यालाच मेस्त्री ‘अर्थ’ किंवा ‘अर्थिंग’ म्हणतात. पण इंजिन पत्र्यावर थेट बसलेलं नसतं. थरथर वर पोचू नये म्हणून ते रबरी माउंटिंगवर टेकलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते, वेणीसारखी. वीस पावसाळे खाल्ल्यावर तिच्या टोकाशी हिरवट गंज धरतो, बोल्टाखाली रंग आणि चिखल बसतो. सेल्फची मोटर मात्र इंजिनालाच बोल्टाने कसलेली असते. तिला परतीची वाट मिळाली नाही, की वीज इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणारी दुसरी कुठलीही धातूची वस्तू शोधते. ती असते ॲक्सिलरेटरची केबल, नाहीतर चोकची. शंभर अँपिअरचा लोंढा त्या बारीक तारेतून गेल्यावर ती तापेल नाहीतर काय होईल!

इथे एक छोटं गणित करण्यासारखं आहे. गंजलेल्या जोडात एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा आहे असं धरू. हेडलाइटचे दोन्ही बल्ब मिळून नऊ-सव्वानऊ अँपिअर घेतात. तेवढी वीज त्या जोडातून गेली तर दाब ०.०९ व्होल्टने उतरेल, डोळ्याला कळणारही नाही. सेल्फ मात्र छोट्या गाडीतही शंभरच्या आसपास अँपिअर ओढतो. त्याच जोडात आता अख्खा एक व्होल्ट जळतो. म्हणून ‘लाइट तर झकास लागतेय, मग सेल्फ का उचलत नाही?’ हा प्रश्न दर पावसाळ्यात ऐकू येतो. लाइट लागली म्हणजे जोड चांगला, असं मुळीच नाही. मल्टिमीटर ओहमवर ठेवून तपासलं तरी एवढा बारीक अडथळा साध्या मीटरवर दिसत नाही. वायरमन म्हणतो कनेक्शन ओके आहे, आणि नवी बॅटरी गळ्यात पडते.

खरी तपासणी वीज वाहत असतानाच करायची. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द खुंटीवर. दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर. मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. मीटरवर ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थिंग ठीक. पाऊण व्होल्ट दिसला, की पट्टी काढायची, दोन्ही टोकं आणि बोल्टाखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासायचा, पुन्हा कसायचं आणि वरून व्हॅसलिन चोपडायचं. काम अर्ध्या तासाचं. नव्या बॅटरीच्या किमतीत अशा कितीतरी पट्ट्या येतील.

हे झालं सेल्फचं. पण अर्थिंगसारख्या गंजलेल्या जोडांचा आणि पेट्रोलचा संबंध काय?

संबंध दोन वाटांनी येतो. पहिली वाट ठिणगीची. इग्निशन कॉईलमध्ये साठणारी ऊर्जा तिच्यातून वाहणाऱ्या विजेच्या वर्गावर ठरते. कॉईलपर्यंत पोचणारा दाब दहा टक्क्यांनी पडला, तर ठिणगीची ताकद दहा नव्हे, जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी घटते. एखाद्या सिलिंडरमध्ये मधूनच आग लागत नाही, गाडी झटका देते आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून जातं. चालवणाऱ्याला वाटतं प्लग गेले. तो प्लग बदलतो, आठवडाभर बरं वाटतं.

दुसरी वाट जास्त लबाड आहे, ती एमपीएफआय गाड्यांत सापडते. इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांगायला तिथे एक सेन्सर असतो. थंड असताना त्याचा अडथळा जास्त, तापल्यावर कमी. साधारण २० अंशांना अडीच हजार ओहमच्या जवळपास आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. इंजिन थंड आहे असं कळलं, की गाडीचा छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, पेट्रोल वाढवतो. जुन्या कार्बोरेटरवर आपण हाताने चोक ओढायचो, तेच काम. आता या सेन्सरच्या प्लगमध्ये पाणी शिरलं, पिनांवर गंज धरला आणि त्या गंजाने सातशे ओहमची भर घातली, असं समजू. इंजिन ८० अंशांवर आहे, पण ईसीयूला तीनशेच्या जागी हजार ओहम दिसतात. तो समजतो अजून चाळीस-पंचेचाळीस अंशच झालेत आणि चोक ओढल्यासारखं पेट्रोल देत राहतो. चेक इंजिनचा दिवा लागत नाही, कारण पंचेचाळीस हा आकडा अशक्य नाही. वायर तुटली असती तर दिवा लागला असता. अर्धवट जोड मात्र खोटं बोलतो, तेही पटण्यासारखं.

असंच खोटं बोलायला इंजिनाला भाग पाडणारा एक देशी रिवाज आहे. रेडिएटरच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचा व्हॉल्व्ह असतो. पाणी ऐंशीच्या वर तापेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. गाडी एकदा ओव्हरहीट झाली की गॅरेजमध्ये हा व्हॉल्व्ह काढून फेकला जातो. ‘मालक, आपल्या हवेला लागत नाही त्यो.’ गाडी परत तापत नाही, मालक खूश. पण आता ती धड तापतच नाही. गडमुडशिंगी ते गोकुळ शिरगाव अशा फेरीत तर रेडिएटर सुरुवातीपासून इंजिन थंड करत बसतो, तेल घट्ट राहतं आणि ईसीयू प्रामाणिकपणे जादा पेट्रोल देतो. इथे सेन्सर खरं बोलत असतो, खोटं इंजिनच असतं.

हे सगळं तपासण्याआधी एक साधी गोष्ट करायला हवी, ती म्हणजे ॲव्हरेज खरंच पडलंय का ते मोजणं. पाचशेचं पेट्रोल टाकून काटा पाहण्याला मोजणं म्हणत नाहीत. टाकी पंपाच्या नोझलचा आपोआप कट पडेपर्यंत भरायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, दोन-तीनशे किलोमीटर चालवून शक्यतो त्याच पंपावर पुन्हा कटपर्यंत भरायची आणि भागाकार करायचा. असं लागोपाठ तीनदा केलं की आकड्याला अर्थ येतो.

त्यातही एक फसगत आहे. बऱ्याच मारुतींना हौसेने मोठी चाकं बसवलेली असतात. मूळच्या १४५/७० आर १२ टायरचा व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर. त्याजागी १५५/६५ आर १३ टाकला तर तो ५३२ च्या घरात जातो, म्हणजे पावणेपाच टक्के मोठा. गाडी खरी १०५ किलोमीटर जाते तेव्हा मीटरवर शंभरच पडतात. मालक म्हणतो ॲव्हरेज पडलं, आणि पडलेलं असतं फक्त मीटरचं वाचन.

कंपनीच्या जाहिरातीतला आकडा मिळत नाही, ही तक्रार तर सोडूनच द्यावी. तो आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या वेगांच्या ठरलेल्या क्रमाने काढलेला असतो. वीसेक मिनिटांची चाचणी, जास्तीत जास्त वेग ताशी ९०. गंमत म्हणजे त्या क्रमाचं इंग्रजी नावही आद्याक्षरांनी ‘एमआयडीसी’च होतं. पण त्या एमआयडीसीत उसाची ट्रॉली नाही.

मोजल्यावर पाच-सहा टक्क्यांची घट दिसली, तर गाडीत काहीच बिघाड नसेल, असंही होऊ शकतं. टाकीतलं पेट्रोलच आता पूर्वीचं नाही. देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलं, ते आता सगळीकडे झालं. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा निघते, एक लिटर इथेनॉलमधून २१ च्या आसपास. वीस टक्क्यांचा हिशेब केला तर लिटरमागे सात टक्क्यांच्या जवळपास ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ मधल्या अहवालातही, जुन्या घडणीच्या म्हणजे इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवून दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींची घट ६ ते ७ टक्के धरलेली आहे. कोल्हापूरकरांनी याबद्दल कुरकुर करताना जरा जपूनच करावी. एक टन उसाच्या रसापासून थेट सत्तरेक लिटर इथेनॉल होतं. ट्रॉलीमागे अडकलेल्या गाडीच्या टाकीत गेल्या हंगामातल्या ट्रॉलीचा अंश असू शकतो.

घट सगळ्यांना सारखी सोसवते असं नाही. पेट्रोल पुरतं जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला नऊच पट. एमपीएफआय गाडीत ऑक्सिजन सेन्सर शाबूत असेल तर ईसीयू बऱ्याच अंशी जुळवून घेतो. कार्बोरेटरच्या जेटचं भोक मात्र ठरलेलं. तिथे मिश्रण हवेच्या बाजूला झुकतं, सकाळी गाडी लवकर धरत नाही, आयडलिंगला बंद पडते, पाय दिला की आधी अडखळते. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषतं, जुन्या नायट्राइल रबराच्या नळ्या फुगवतं आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं. म्हणून अशा गाडीत पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या टाकणं आणि फिल्टर लवकर बदलणं हा शौक नाही, आगीपासून बचाव आहे. ब्राझीलने हे सगळं फार आधी भोगलं. तिथे उसाच्या इथेनॉलचा सरकारी कार्यक्रम १९७५ मध्ये सुरू झाला आणि १९७९ मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ आली. ती गार हवेत सुरू होईना, म्हणून निव्वळ इथेनॉलच्या गाड्यांत गार इंजिनाला पाजायला पेट्रोलची वेगळी छोटी टाकी देत. आपल्याकडे थंडी कमी, हे नशीब.

ॲव्हरेज वाढवण्याच्या नावाखाली जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं बिनकामाचं असतं. पेट्रोलच्या नळीला लावायचं चुंबक, टाकीत टाकायची गोळी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभरहून अधिक साधनं तपासली, त्यातल्या अगदी मोजक्यांनी थोडाफार फरक दाखवला. एअर फिल्टरचीही गोष्ट तशीच. ओक रिज या अमेरिकी प्रयोगशाळेच्या २००९ च्या चाचण्यांत इंजेक्शनच्या गाड्यांचा चोंदलेला फिल्टर बदलून पिकअप सुधारला, पण पेट्रोल वाचलं नाही. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत मात्र दोन ते सहा टक्के फायदा होतो. तेव्हा फिल्टर बदलावा, पण कोणत्या गाडीत काय अपेक्षा धरायची तेही कळावं. त्यापेक्षा मागचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून बघणं जास्त फायद्याचं. ते अडखळलं तर ब्रेक चिकटतोय, आणि असा ब्रेक ओढत चालणारी गाडी पेट्रोल खातेच.

आता बॅटरीकडे. दोन दिवस उभी राहिली की उतरते, ही तक्रार. लोक म्हणतात छोट्या फेऱ्यांत चार्ज होत नाही. अर्धं खरं आहे. सेल्फ तीन सेकंद शंभर अँपिअर ओढतो, म्हणजे ०.०८ अँपिअर-तास. अल्टरनेटर पाच अँपिअरने भरत असेल तर कागदावर मिनिटाभरात आणि प्रत्यक्षात दोन-चार मिनिटांत ते भरून निघतं. तेवढ्याने बॅटरी मरत नाही. ती मरते अल्टरनेटर कमी देत असेल तर, किंवा गाडी बंद असताना कुणीतरी चोरून पीत असेल तर. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. रात्रभर विश्रांती घेतलेल्या भरल्या बॅटरीवर १२.६. बारा-सव्वाबारा असेल तर ती निम्मी रिकामी आहे.

चोरी पकडायची तर मायनसची वायर सोडवून मध्ये अँपिअर मीटर लावायचा. ३०० मिलिअँपिअर जात असतील तर दिवसाला सात अँपिअर-तास गेले, ३५ अँपिअर-तासाची बॅटरी पाच दिवसांत आडवी. साध्या जुन्या गाडीत हा आकडा ५० च्या बराच आत हवा. मग फ्युज एकेक करून काढायचे. ज्याच्या काढण्याने आकडा पडतो, त्या वाटेवर चोर. बहुतेक वेळा तो म्युझिक सिस्टीम निघतो. सगळे फ्युज काढूनही आकडा पडला नाही, तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघायची. आतला डायोड गेला की रात्रभर बॅटरी उलटी तिथेच रिकामी होते.

फ्युजच्या पेटीत हात घातला की आणखी एक वस्तू सापडते: जळक्या फ्युजला गुंडाळलेली सिगारेटच्या पाकिटातली चांदी. रात्री घरी पोचायला केलेली ती सोय वर्षभर तशीच राहते. फ्युजचं काम वायरीआधी जळण्याचं. चांदी जळत नाही, मग वायर जळते.

खरी चांदी मात्र गाडीत कामाची आहे. जुन्या गाडीत हेडलाइटची सगळी वीज स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जाऊन येते. लांब बारीक वायर, झिजलेला स्विच. बल्बपर्यंत दाब दहा टक्के कमी पोचला तरी उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. लोक त्यावर शंभर वॅटचा बल्ब टाकतात, तो आणखी वीज ओढतो, दाब आणखी पडतो आणि होल्डर वितळतो. उपाय रिलेचा. स्विचने फक्त रिलेला इशारा द्यायचा आणि रिलेने बॅटरीपासूनची जाड वायर बल्बला जोडायची. त्या रिलेच्या आत एकमेकांवर टेकणारे ठिपके चांदीच्या मिश्रधातूचे असतात, कारण चांदीइतकी चांगली वीज दुसरा कुठलाच धातू वाहून नेत नाही. गडमुडशिंगीवरून पुढे हुपरीला जाताना पैंजण-जोडव्यांच्या पाट्या दिसतात, तोच धातू.

उंदराचं काय करायचं, यावर मात्र खात्रीचा उपाय नाही. उसाची तोड झाली की फडातले उंदीर आसरा शोधतात, आणि नुकतीच आलेली गाडी उबदार असते. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून त्यांना कुरतडायला काहीतरी लागतंच. कुणी तंबाखूची पुडी ठेवतो, कुणी डांबरगोळ्या. गाडी रोज हलवणं आणि आठवड्याला बॉनेट उघडणं, एवढंच त्यातल्या त्यात लागू पडतं. कुरतडलेली वायर नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळू नये. दोन पावसाळ्यांनी तिथेच पुन्हा ते सातशे ओहम जमतात.

एक तपासणी तर जवळजवळ फुकट होते आणि कुणी वाचत नाही. पीयूसीच्या कागदावर पेट्रोल गाडीचे दोन आकडे छापलेले असतात. पहिला कार्बन मोनॉक्साइडचा. तो चढला तर इंजिनाला पेट्रोल जास्त जातंय: अडकलेला चोक, मोठा जेट, नाहीतर थंडीचं खोटं सांगणारा सेन्सर. दुसरा हायड्रोकार्बनचा. तो एकटाच चढला तर पेट्रोल न जळता बाहेर पडतंय आणि ठिणगीकडे बघायला हवं: प्लग, कॉईल, अर्थिंग. बीएस-२ आणि बीएस-३ गाड्यांना मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएमची, त्याआधीच्यांना ३ टक्के आणि १५०० पीपीएमची. पास झालं की कागद घडी घालून विम्याच्या पावतीमागे जातो. गेल्या तीन-चार खेपांचे कागद तिथेच असतील तर ते काढून, बॉनेटवर तारखेने शेजारी-शेजारी मांडावेत आणि कोणता आकडा कधीपासून चढायला लागला ते बघावं. मेस्त्रीला तो महिना सांगितला की तो बहुधा विचारतो, ‘त्याच्या आधी गाडीचं काय काम केलं होतं?’